बिसावचे मास्तर

खोल्या मिळवून देणाऱ्या माणसाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बाई, आफ्रिकेची पार्टी आहे. बाप आणि मुलगी. बापाच्या घशाचा आजार. परळला शेक घ्यायचाय, सहा-सात आठवडे. साधी माणसं आहेत, गिनीची."

शेक म्हणजे रेडिएशन. परळच्या त्या इस्पितळाच्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांना हा शब्द ठाऊक आहे. मी हो म्हटलं.

समोरची खोली माझ्या भावाची. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा आम्हा बहीणभावांना एकाच मजल्यावर, दारासमोर दार, अशी घरं मिळाली. भाऊ डोंबिवलीला रमलेला. म्हणून ती खोली आम्ही पेशंटच्या माणसांना देत आलो. आसामची माणसं राहून गेली, बिहारची, जळगावची. परदेशातलं कोणी पहिल्यांदाच येत होतं.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, नुकतीच निवृत्त झालेली. त्यामुळे पहिल्यांदा काय केलं असेल तर नकाशांचं पुस्तक काढलं. पश्चिम आफ्रिकेत गिनी सापडलं. राजधानी कोनाक्री. समुद्रात जिभेसारखी शिरलेली चिंचोळी जमीन, तिच्या टोकाला सगळी कचेऱ्यांची वस्ती, अगदी आपल्या फोर्टसारखी. फ्रेंचांचं राज्य होतं, भाषा फ्रेंच. एवढं कळल्यावर मला फार बरं वाटलं. सगळी दुपार मी त्या देशात घालवली. कुठल्या नद्या कुठे उगम पावतात ते पाहिलं, लोक कुठले ते वाचलं, आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं म्हणून 'बोंजूर' हा शब्द पाठ केला.

आई म्हणाली, "गिनी? ती सोन्याची असता ना?"

"ती वेगळी गं. हा देश आहे."

"मगे सोना खंयसून येता?"

आई ऐंशीला टेकलेली आहे. लग्न होऊन गिरणगावात आली त्याला सहज साठ वर्षं झाली असतील, पण बोलणं अजून तिकडचंच. तिचं माहेर गोव्याच्या हद्दीत, पेडण्याकडे. सासर नदी ओलांडून अलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला.

पाहुणे आले. बाप सत्तरीचा, उंच, काटक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट. मुलगी पस्तिशीची असेल, तिच्या दोन्ही हातांत सामान. मी दारात उभी राहून म्हटलं, "बोंजूर."

त्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं असावं, मागून आणखी कोणी येतंय. मुलगी हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "फ्रेंच आम्हाला येत नाही हो. आम्ही बिसावचे."

"पण गिनी ना?"

"गिनी-बिसाव. तुम्ही म्हणता ती शेजारची गिनी."

"अच्छा. म्हणजे एक गिनी आणि एक तुमची."

"एक खाली आहे, विषुववृत्तावरची. तीही आमची नाही. आणि एक अगदी दुसऱ्याच समुद्रात आहे." ती हे इतक्या सवयीने म्हणाली की आजवर कितीतरी दारांत तिला हे सांगावं लागलं असणार. "लिस्बनहून आमच्या काकांनी धाडलेलं पार्सल एकदा कोनाक्रीला जाऊन पडलं होतं. ते आजतागायत मिळालं नाही."

मी पुरती गोंधळले. दुपारभर वाचलेल्या नद्या, डोंगर, लोक, सगळं शेजारच्यांचं. ह्यांच्याबद्दल मला कणभरही माहिती नव्हती.

तेवढ्यात आई समोरच्या खोलीची चावी घेऊन आली. कोणीही आलं तरी ती आपली मालवणीच बोलते. म्हणाली, "ही घेवा चावी."

गृहस्थ थबकले. चावीकडे बोट दाखवून म्हणाले, "शाव?"

"चावी," आई म्हणाली.

त्यांनी मुलीला काहीतरी भराभर विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा विचारतायत, ह्यांना पोर्तुगीज येतं का?"

मला हसू आलं. पण आई खोलीत शिरली होती आणि काय कुठे ते दाखवायला लागली होती. ही मेज. हा साबण. ही बादली. ही जनेल, उघडी ठेवू नकात, कबुतरां येतत. मालवणीत खिडकीला जनेल म्हणतात. आणि प्रत्येक शब्दाला तो माणूस मान हलवत होता, आपल्या भाषेत तोच शब्द जरा वेगळा करून परत देत होता. मेझा. साबांव. बाल्द. जनेला. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू सात समुद्र ओलांडून परक्या गावात उतरावं आणि शेजारची म्हातारी ओळखीची निघावी. आई मात्र शांत. तिला वाटलं, मालवणी येणारा माणूस आहे, त्यात काय एवढं.

हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणले, हे मी शाळेत कितीदा तरी शिकवलं होतं. पण शिकवणं वेगळं आणि आपल्याच भावाच्या खोलीत ते असे समोरासमोर उभे राहिलेले पाहणं वेगळं. त्या संध्याकाळी मुलीने फोनवरून घरी कळवलं, इस्पितळ जवळ आहे. 'ओश्पिताल' असं काहीतरी म्हणाली. आई मला म्हणाली, "बघलंस? बरोबर बोलता ती."

ते गृहस्थही शिक्षक होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बिसावच्या एका शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवत जन्म गेला होता. आईने लगेच त्यांचं 'मास्तर' करून टाकलं. मला ते 'प्रोफेसोरा' म्हणायला लागले. मी म्हटलं, मी प्रोफेसर नाही, प्राथमिक शिक्षिका. मुलगी म्हणाली, आमच्याकडे सगळ्या शिक्षिकांना तेच म्हणतात. ती स्वतः बरीच वर्षं गांबियात कापडाचं दुकान चालवायची, म्हणून तिला इंग्रजी यायचं. गांबिया हा पुन्हा तिसराच देश, आणि तो म्हणे चारी बाजूंनी सेनेगलच्या पोटात. चारी बाजूंनी नाही, तीन, चौथीला समुद्र, असं तिने मला दोनदा सांगितलं.

सकाळी बापलेक शेकाला जायची. दुपारी परत आली की मास्तर आमच्याकडे येऊन बसायचे. घसा दुखत असल्याने ते हळू बोलायचे, मुलगी इंग्रजीत सांगायची, मी आईला मराठीत. कधी कधी आईला आधीच कळलेलं असायचं. ते कसं, हे मी विचारायचं सोडून दिलं.

एकदा मी त्यांना त्यांचा देश विचारला. मला नीट समजून घ्यायचं होतं, पहिल्या दिवशीची चूक मनात सलत होती. त्यांनी माझ्या जुन्या वहीचं कोरं पान घेतलं आणि पेन्सिलीने किनारा काढला. काढला, आणि लगेच त्याच्या आत दुसरा काढला.

"किनारा कुठला खरा?" मी विचारलं.

"दोन्ही," ते म्हणाले. "हा ओहोटीचा, हा भरतीचा."

त्यांचा देश इतका सपाट की भरतीचं पाणी नद्यांतून खूप आतपर्यंत चढतं. खाजणं, चिखल, खारफुटी. ओहोटी लागली की मैलोगणती जमीन वर येते, सहा तासांनी परत जाते. समोर समुद्रात बेटांचा पुंजका आहे, बिजागोस. त्यातल्या थोड्याच बेटांवर बारमाही वस्ती.

"बेटं एकूण किती?"

मास्तरांनी हात हलवला. "पाणी किती आहे त्यावर."

"मग मुलांना देशाचं क्षेत्रफळ काय शिकवत होता?"

"पुस्तकातला आकडा पाठ करून घेत होतो. आणि सांगत होतो की परीक्षा संपेपर्यंत समुद्राकडे बघू नका."

मी हसले, पण मला ते खरोखर कळेना. देश म्हटला की हद्द हवी. आमचा टॉवर उभा राहिला तेव्हा खोलीच्या भिंतीच्या जाडीवरून लोकांची भांडणं झाली होती. आणि इथे एक अख्खा देश दिवसातून दोनदा लहानमोठा होतो आणि कोणी काही म्हणत नाही.

त्यांनी शिरगणतीचं कामही केलं होतं. ते ऐकून मला आनंद झाला, कारण मीही केलं होतं, वरळीच्या बीडीडी चाळींत. एकेका खोलीचं दार वाजवायचं आणि विचारायचं, घरात माणसं किती? मी मास्तरांना त्या मामांची गोष्ट सांगितली. एका घरी पाहुणे म्हणून आलेले मामा नोकरी लागून, त्या नोकरीतून निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले होते आणि मला ठासून सांगत होते, "मला नका धरू, मी पाहुणा आहे."

"मग धरलंत?"

"धरलं."

मास्तर म्हणाले, "मी एका बेटावर गेलो तर गावात एक म्हातारी आणि कोंबड्या. बाकी सगळे भात लावायला दुसऱ्या बेटावर गेलेले. म्हातारी म्हणाली, सगळ्यांना लिही, येतील परत."

"मग लिहिलंत?"

त्यांनी हात असा काही फिरवला की त्यातून हो आणि नाही दोन्ही निघत होतं. मग लोकांची नावं सांगितली. बलांता, फुला, मांदिंगा, मांजाको, पेपेल. प्रत्येकाची भाषा वेगळी. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, कोणी आपापले जुने देव मानणारे. सरकारची भाषा पोर्तुगीज, पण ती घरात कोणी बोलत नाही. सगळे एकमेकांशी क्रियोल बोलतात, पोर्तुगिजातून झालेली. मी सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर कोण कुठला ते पुन्हा चुकत होतं. मुलीला विचारलं, "तुम्ही ह्यातले कोण?" ती म्हणाली, "बाबा पेपेल. आई बेटावरची, बिजागो. मी? तुम्हीच सांगा."

शेकाचे तीन-चार आठवडे झाले तसा मास्तरांचा आवाज बसत गेला. गिळता येईना. आई त्यांना पेज द्यायला लागली, तांदळाची, पातळ, थोडं मीठ घातलेली. ते घोट घोट घ्यायचे. मुलीलाही खाणं जाईना. एकदा म्हणाली, "मला ताजा मासा हवाय. ज्याला समुद्राचा वास आहे असा."

मी तिला वरळी कोळीवाड्यात घेऊन गेले. गल्लीत शिरल्याबरोबर तिचं चालणं बदललं. होड्या ओढलेल्या, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि पाट्यांपुढे बसलेल्या कोळणी. एकीने तिला पाहून माझ्याकडे न बघता थेट तिलाच विचारलं, "काय पायजे, बोल."

हिने हाताने सुरमई उचलली, कल्ले उघडून पाहिले, बोट दाबून पाहिलं आणि परत ठेवली. दुसरी घेतली. कोळीण म्हणाली, "हिला कळतं हो माशातलं." मग दोघींचा खुणांनी भाव सुरू झाला. मी मध्ये पडायला गेले तर दोघींनीही मला गप्प केलं.

परतताना ती म्हणाली, "इथे बायकांचं चालतं."

"बाजारात चालतं," मी म्हटलं.

"माझ्या आईच्या बेटावर घर बायकाच बांधतात. नवरा कोण तेही बाईच ठरवते. ती ताट वाढून पाठवते, त्याने ते खाल्लं की झालं."

"आणि नाही खाल्लं तर?"

ती थांबली. "असं कोणी विचारत नाही," ती म्हणाली. मला वाटलं तिला माझा प्रश्न वेडपट वाटला. मला मात्र तो अगदी साधा वाटत होता.

सरकारचा विषय मास्तरांनीच काढला. खिडकीतून खाली कुठल्या कुठल्या पक्षाचे बॅनर दिसायचे, माळा घातलेले, हात जोडलेले. त्यांनी विचारलं, "ह्यातलं सरकार कोणाचं?"

मी सांगायला लागले. केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं. राज्यात एक पक्ष फुटून दोन झाले, दोघेही म्हणतात खरे आम्हीच. मग आणखी एक फुटला, त्याचंही तसंच. जे एकमेकांविरुद्ध उभे होते ते एकत्र आले. जे एकत्र होते ते समोरासमोर. आधी जो मोठा होता तो मधे उपमुख्यमंत्री झाला, मग पुन्हा मोठा झाला. मुलगी भाषांतर करता करता थांबली. "मी हे नीट सांगतेय का ते मला कळत नाहीये," म्हणाली.

"आणि ह्या शहराचं?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

"शहरात सध्या नगरसेवक नाहीत. मुदत संपली, निवडणूक अजून व्हायचीय. आयुक्त बघतात."

"आयुक्त म्हणजे लष्करातले?"

"नाही हो. परीक्षा देऊन आलेले."

मास्तरांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी कागदावर त्यांच्याकडचं काढून दाखवलं. वर राष्ट्राध्यक्ष, त्याच्या खाली पंतप्रधान, बाजूला लोकसभेसारखी सभा. राष्ट्राध्यक्ष सभा बरखास्त करतो, पंतप्रधान बदलतो. मग बाजूला एक चौकोन काढून त्यांनी त्यात काहीच लिहिलं नाही. मुलीने सांगितलं, "ते सैन्य." चौकोनापासून सगळ्यांकडे बाण गेले होते. सैन्याकडे एकही बाण येत नव्हता. त्यांच्या आयुष्यात किती वेळा सैन्याने राज्य हातात घेतलं, हे मी विचारलं. बापलेकींत बोटं मोजणं सुरू झालं, एक प्रसंग यशस्वी धरायचा की नुसता प्रयत्न, ह्यावर त्यांचं एकमत होईना, आणि चहा निवला.

तिकडे तेव्हा मतदान व्हायचं होतं. मास्तरांचे शेक संपले त्याच आठवड्यात ते झालं. तिकिटं काढलेली होती, आवराआवर चाललेली. निकाल लागायच्या आदल्या दिवशी मुलगी आमचं दार वाजवून आत आली. तिच्या हातात फोन होता. बिसावमधल्या तिच्या भावाचा निरोप आला होता: घराबाहेर पडलो नाही, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याकडून गोळ्यांचा आवाज येतोय. त्यानंतर फोन लागेना.

आम्ही टीव्ही लावला. मराठी बातम्यांत कुठल्याशा पुलाचं उद्घाटन चाललं होतं. हिंदीत क्रिकेट. मी फोनवर शोधलं, गिनी, सैन्य, राष्ट्राध्यक्ष. एक बातमी सापडली, लष्करी गणवेशातला माणूस बसलेला, सगळं शांत आहे असं म्हणणारा. मी धावत समोर गेले. "सगळं शांत आहे! हे बघा!"

मुलीने पाहिलं आणि म्हणाली, "हे कोनाक्री. आणि हे जुनं आहे."

मी तिथेच दारात उभी राहिले. मास्तर पलंगावर बसून बूट पुसत होते. त्यांनी मला हाताने बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलीला तिच्या ओळखीच्या गांबियातल्या बाईकडून कळलं: सैन्याने राज्य घेतलंय, सीमा बंद, विमानं बंद. निकालाचं काय झालं? कोणी म्हणे हा जिंकला होता, कोणी म्हणे तो. राष्ट्राध्यक्ष कुठे आहेत? कोणी म्हणे अटकेत, कोणी म्हणे सगळं नाटकच आहे. "मग आता सरकार कोणाचं?" मी विचारलं. मुलगी जवळजवळ ओरडलीच, "मला काय माहीत!" आणि मग सॉरी म्हणाली. तिचा भाऊ, भावजय, त्यांची मुलं, सगळी तिथे होती.

त्या दुपारी आईने तिला धीर द्यायचं ठरवलं. मास्तरही येऊन बसले होते. आई म्हणाली, "माज्या लहानपणी असाच झाला. मी पंधरा-सोळा वर्सांची चेडू होतंय. रात्री पाकले होते, सकाळी नाय. हिंदुस्तानचे शिपाय इले." पाकले म्हणजे पोर्तुगीज गोरे, तिकडे त्यांना तसंच म्हणतात. "बापूस म्हणालो, आता शेतसारो कोणाक भरूचो ता मागसून कळात. आणि मिरच्येक पाणी लावूक गेलो."

मी भाषांतर केलं. मास्तर पुढे सरकले. "ह्या पोर्तुगिजांच्या राज्यात होत्या?"

"होती ना," मी म्हटलं. "पेडणं गोव्यातच."

ते आईकडे बघतच राहिले. मलाही तेव्हाच सुचलं. आई पंधरा-सोळाची होती आणि हे पाच-सहा वर्षांचे असतील, तेव्हा दोघांवर एकच सरकार होतं. लिस्बनला बसलेलं. दोघांपैकी कोणी लिस्बन पाहिलेलं नाही. म्हणजे त्या वेळी माझी आई आणि बिसावचे मास्तर एका देशाचे, आणि माझे वडील, जे नदीपलीकडे दोन कोसांवर राहत होते, ते परदेशी? हे मला धड कळेना. मी ते मुलीला सांगू की नको ह्या विचारात होते, तोवर आई पुढे गेली.

"पाकले तसे वायट नव्हते," ती म्हणाली. "कापड स्वस्त, पाव बरो मिळा."

मला हे सांगायचं नव्हतं. पण 'पाकले' नुकतंच समजलं होतं आणि 'पाव' त्यांच्याकडेही पावच, आणि आईचा सूर कौतुकाचा. मास्तरांचा चेहरा कठोर झाला. ते काहीतरी बोलले, दोन-तीनच वाक्यं, आवाज जेमतेम फुटत होता. मुलीने खाली बघत सांगितलं, "बाबांचा मोठा भाऊ त्यांच्याविरुद्धच्या लढाईत जंगलात गेला होता. तो परत आला नाही."

आई म्हणाली, "काय म्हणता?" मी सांगितलं. मास्तर उठून आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मी मुलीला विचारलं, "रागावलेत का?" ती म्हणाली, "घसा फार दुखतोय. डॉक्टर म्हणाले होते, शेक संपल्यावरही काही दिवस असं होईल." "पण रागावलेतही का?" "मलाही कळत नाही. ते बोलतच नाहीयेत." मी आईवर चिडले. तुला काय गरज होती, म्हटलं. ती म्हणाली, "मी काय खोटा बोललंय? माका जा दिसला ता सांगलंय." मी म्हटलं, खोटं नाही, पण. आणि भांडी आवरायला उठले.

तिसऱ्या दिवशी मुलगी औषधं आणायला खाली गेली असताना आईने पेजेचा टोप उचलला आणि समोर गेली. मी मागून गेले. दार उघडंच होतं. आई मास्तरांसमोर खुर्चीवर बसली आणि मालवणीत बोलायला लागली. तिचा धाकटा भाऊ तापाने गेला होता, मी जन्मायच्या आधी. त्याचं ती घरात कधीच बोलत नाही. ते सगळं तिने त्यांना सांगितलं. कसा पोहायचा, कसा खोटं बोलायचा. मास्तर ऐकत होते. मग त्यांनी क्रियोलमध्ये काही सांगितलं, थांबत थांबत, हाताने उंची दाखवत. भाषांतराला कोणी नव्हतं. मला एकही शब्द कळला नाही. आई मात्र 'हां, हां' म्हणत होती. मग तिने पेज वाटीत ओतली आणि त्यांनी घेतली.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"माका काय कळता? पण रागावलो नाय तो."

"कशावरून?"

"पेज जेवलो मा."

त्या संध्याकाळी फोन लागला. भाऊ, भावजय, मुलं सगळी सुखरूप होती. मुलगी जिन्यात बसून रडली आणि मग आमच्याकडे येऊन पोटभर जेवली. विमानं पुन्हा सुरू झाली. नव्या सरकारचा प्रमुख एक लष्करी अधिकारी आहे आणि काही काळाने निवडणूक घेणार आहे, असं तिने सांगितलं. काही काळ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मास्तर निघताना गळ्यापर्यंत बटणं लावून, बूट चमकवून उभे होते. आईच्या पायाशी वाकायला गेले, तिने अडवलं. कोणी शिकवलं कोण जाणे. टॅक्सीत बसताना त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. बहुतेक 'प्रोफेसोरा' म्हणाले.

अजून अधूनमधून मुलीचे निरोप येतात. काजूचा हंगाम सुरू झाला, आमचा कच्चा काजू तुमच्याच देशात येतो, असं तिने एकदा लिहिलं. आई म्हणाली, मग आपण खातो तो काजू कोणाचा? वाण्याला विचारलं तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, अस्सल वेंगुर्ला." आता मला ते खरं वाटत नाही आणि खोटं म्हणायचा धीरही होत नाही.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉल आला. तपासणीला पुन्हा यायची वेळ होऊन गेलीय. मुलगी म्हणाली, बाबा आता माझ्या आईच्या बेटावर राहायला गेलेत, मीही तिथेच आहे. शहरात नको म्हणतात. तब्येत बरी आहे, यायचं बघू. मग तिने फोन फिरवला. झाडाखाली खुर्चीवर मास्तर बसले होते, मागे पाणी चकाकत होतं. त्यांनी हात वर केला आणि काहीतरी म्हणाले. आवाज होता का, की नुसतेच ओठ हलले, ते कळायच्या आत चित्र गोठलं आणि फोन कटला.

"बारीक झालो गो," आई म्हणाली.

"अगं, उलट गालांवर मांस आलंय."

"तुका दिसना नाय. बारीक झालो."

आम्ही जेवणं होईपर्यंत वाद घातला. परत फोन लावून पाहिला, लागला नाही.